चित्रकथांचा सट्टा

चित्रकथांच्या पातळ पुस्तिका म्हणजे मुलांची करमणूक, असें आपण समजतों. परंतु अमेरिकेंत त्यांवर शेअरांप्रमाणें सट्टा चालतो. १९३८ सालीं ‘सुपरमॅन’ ज्यांत प्रथम अवतरला, त्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची किंमत अवघी १० सेंट होती. त्याचीच एक प्रत २०२४ सालीं ६० लक्ष डॉलरांस विकली गेली!

ह्या भावाचें मर्म कथेंत नाहीं, दुर्मिळपणांत आहे. मुलांनीं ते अंक वाचून फाडले, आयांनीं रद्दींत घातले, आणि दुसऱ्या महायुद्धांत कागद गोळा करण्याच्या मोहिमेंत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. ते जपावे, असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. म्हणूनच उरलेल्या प्रतींना मोल आलें.

पुढील पिढीनें नेमकें हेंच ध्यानांत घेतलें नाहीं. १९९१ सालीं ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाच्या ८० लक्षांवर प्रती निघाल्या, वेष्टणें पांच तऱ्हांचीं, तेव्हां हौशी लोक पांचहि घेत. १९९२ च्या नोव्हेंबरांत सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवींत बंद करून विकला. पुष्कळांनीं ती पिशवी उघडलीहि नाहीं. (बिचारा मेला कसा, हें त्यांस कळलें तरी असेल काय?) पण जी वस्तु लक्षावधि घरीं निगुतीनें जपली जात आहे, ती दुर्मिळ होणार कशी? लवकरच बाजार कोसळला, दुकानें बंद पडलीं, आणि १९९६ च्या डिसेंबरांत ‘मार्व्हल’ कंपनीनेंहि दिवाळखोरीचा अर्ज केला.

हल्लीं पैसे घेऊन अंकास दहांपैकीं गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या तो अंक प्लॅस्टिकच्या पेटींत मोहोरबंद करून देतात. वाचावयाचा तर पेटी फोडावी लागते, आणि पेटी फोडली कीं गुण गेले.