बंदरावरचे आकडे आणि जीवशास्त्राचा विद्यार्थी

जीवशास्त्राकडे वळणारे पुष्कळ विद्यार्थी गणितापासून सुटका व्हावी म्हणूनच त्या शाखेत येतात, आणि प्रकल्पाच्या वेळी मोजमापांच्या वह्या भरल्यावर 'आता कोणती चाचणी लावायची' एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे उरतो. अडचण मुळात प्रश्नाच्या या मांडणीतच आहे. संख्याशास्त्रीय प्रतिमान, म्हणजे महाविद्यालयांत ज्याला सर्रास 'मॉडेल' म्हणतात ते, हाताशी आलेले आकडे कसे घडले असावेत याविषयी गणिताच्या भाषेत केलेले विधान असते. त्याचा एक भाग नियमाने समजावता येतो आणि दुसरा योगायोगाने होणाऱ्या चढउतारांचा असतो. असे विधान करायला निसर्ग ठाऊक असावा लागतो, आणि त्या दृष्टीने रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याला दूर कुठे जाण्याची गरज नाही.

सर्वांत सोपे उदाहरण माशाच्या लांबीचे आणि वजनाचे. लांबी दुप्पट झाली आणि अंगाची ठेवण तीच राहिली, तर आकारमान, आणि त्याबरोबर वजन, आठपट होते, म्हणजे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे बांगड्याची लांबी आणि वजन आलेखावर मांडले की बिंदूंची रांग वर वळत जाते. मात्र दोन्हींचे लॉगरिदम घेतले की तीच रांग बरीचशी सरळ होते आणि तिच्यावर रेषीय समाश्रयण, म्हणजे नित्याच्या बोलण्यातले लिनिअर रिग्रेशन, बसवता येते. या रेषेचा उतार 3 च्या आसपास असतो. तो 3 पेक्षा स्पष्टपणे कमी आला तर मासा वाढताना सडपातळ होत जातो, आणि जास्त आला तर तो भरत जातो. उताराच्या आकड्याला असा जैविक अर्थ आहे हे कळले की सूत्र पाठ करण्याचे कारण राहत नाही.

डोलीच्या मासेमारीत विषय अधिक खोल जातो. बोंबील, जवळा, करंदी पकडणारे डोल जाळे एका जागी रोवलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह त्यातून वाहतो, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्यातून पुष्कळ पाणी गाळले जाते आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, प्रवाह मंदावतो. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने पंधरवड्याच्या तिथी आडव्या अक्षावर आणि दर डोलीमागची मासळी उभ्या अक्षावर मांडून सरळ रेषा बसवली, तर पंधरवड्याच्या दोन्ही टोकांना मासळी जास्त आणि मध्ये कमी असल्यामुळे ती रेषा जवळजवळ आडवी येईल, आणि 'तिथीचा मासळीशी संबंध नाही' असा निष्कर्ष निघेल. कोणत्याही कोळ्याला तो चूक असल्याचे ताबडतोब कळेल, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल. संबंध भक्कम आहे, त्याचा आकार मात्र रेषेचा नसून लाटेचा आहे. प्रत्यक्ष मोजमापातून प्रतिमानाचा अंदाज वजा केल्यावर जे उरते त्याला अवशेष म्हणतात; ते तिथीनुसार मांडले की मध्ये खाली आणि टोकांना वर असा बाक उघड दिसतो. आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी अवशेषांचा आलेख पाहण्याची सवय ही या शिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच घाईत वगळली जाते.

दुसरी अडचण स्वतंत्रतेची. एकाच होडीतून उतरलेले दोनशे मासे ही दोनशे स्वतंत्र साक्षी नव्हेत, कारण जाळे, जागा आणि वेळ त्यांना समान असते. हा विचार भारतीय किनाऱ्यावर पद्धतशीरपणे करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांचे स्थान मोठे आहे. शेतीच्या प्रयोगांसाठीचे त्या दोघांचे पाठ्यपुस्तक 1954 मध्ये निघाले, आणि समुद्री मासळीचे उत्पादन नमुन्यावरून कसे अंदाजावे यावरचा त्यांचा लेख के. व्ही. आर. शास्त्री यांच्यासह 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. बंदरे, दिवस आणि नौका अशा टप्प्यांनी नमुना निवडण्याच्या पद्धतीवरच केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेची पाहणी चालते. तीत महिन्याचे दहा-दहा दिवसांचे गट पाडलेले असतात. केवळ रविवारी, सवड मिळेल तेव्हा, बंदरावर जाऊन गोळा केलेल्या आकड्यांपेक्षा अशा निवडीचे आकडे विश्वासार्ह का, हे इथे सहज समजते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असल्याने त्यांच्या मासळीवर उभारलेले प्रतिमान त्या दोन महिन्यांविषयी काही सांगू शकत नाही, हेही.

दिवेआगर आणि हरिहरेश्वर इथल्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांत प्रश्नाचे रूप बदलते. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात आणि सुमारे 45 ते 60 दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. प्रत्येक अंड्याचे उत्तर 'उबले' किंवा 'उबले नाही' एवढेच असते. त्यावर सरळ रेषा बसवली तर ती कधी शंभर टक्क्यांच्या वर, कधी शून्याच्या खाली जाईल. म्हणून शक्यतेला शून्य आणि एक यांच्या मर्यादेत ठेवणारे लॉजिस्टिक प्रतिमान वापरतात, आणि एका घरट्यातल्या अंड्यांची आई व वाळू एकच असल्याने प्रत्येक घरट्याला त्याचा स्वतःचा चढउतार द्यावा लागतो. तसे न केल्यास दहा घरट्यांतली हजार अंडी हजार स्वतंत्र प्रयोगांसारखी मोजली जातात आणि निष्कर्ष फाजील खात्रीचा निघतो.

हे सारे करायला 'आर' ही संगणकप्रणाली मोफत मिळते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू केली. तिच्यात प्रतिमानाकडूनच हजार वेळा काल्पनिक घरटी तयार करून घेता येतात. त्या घरट्यांत एकही पिल्लू न निघालेली घरटी क्वचित दिसली आणि किनाऱ्यावरच्या नोंदींत ती वरचेवर असली, तर प्रतिमानातून एखादे कारण निसटलेले असते, उदाहरणार्थ घरट्यात शिरलेले उधाणाचे पाणी किंवा अंड्यांना लागलेली बुरशी, आणि त्याचा शोध घेण्यासाठी विद्यार्थ्याला पुढच्या हंगामात वाळूचा ओलावा आणि भरतीच्या रेषेपासूनचे अंतरही वहीत नोंदवावे लागते.