व्ह्यूज इले, पण पावणे खंय?

मालवणच्या दांडीपासून देवबागच्या संगमापर्यंत ज्याचं इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर खातं नाही असा होमस्टेवाला आता शोधावाच लागेल. स्कुबावाल्यांचं तर विचारूच नका. ‘मालवणी लाइफ’, ‘कोकणी रानमाणूस’ अशा चॅनेलांनी वाट दाखवली. २०२० साली टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ रील्स आणि शॉर्ट्स आले आणि रापण ओढतानाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडाही जगभर फिरू लागला. व्हिडिओ सगळेच काढतात. त्यामागचे आकडे मात्र थोडेच उघडतात, आणि जे उघडतात तेही बहुधा पहिल्या आकड्यावरच खूश किंवा नाराज होऊन बंद करतात.

तो पहिला आकडा म्हणजे व्ह्यूज. ‘पन्नास हजार व्ह्यूज म्हणजे पन्नास हजार माणसांनी बघितलं’ हा सर्वांत मोठा गैरसमज. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू धरतं. बघणाऱ्याने पुढच्या क्षणी अंगठा वर सरकवला तरी. तोच माणूस पुन्हा बघेल तर पुन्हा मोजणी. शॉर्ट्सच्या कमाईसाठी यूट्यूब स्वतः ‘एंगेज्ड व्ह्यूज’, म्हणजे थांबून बघितलेल्यांचा, वेगळा आकडा धरतं, यातच काय ते आलं. इन्स्टाग्रामवर माणसं किती, हे व्ह्यूज नव्हे, रीच सांगतो.

खरी माहिती असते रिटेन्शनच्या आलेखात, म्हणजे कुठल्या सेकंदाला किती जण टिकून होते त्यात. समजा, तारकर्लीच्या स्कुबाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ आहे. आधी लोगो, मग ड्रोनचा समुद्र, मग ‘नमस्कार मंडळी’, मग चॅनेलची ओळख. पाण्याखालचं दृश्य येतं दीड मिनिटाने. यूट्यूब स्टुडिओ पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के उरले हे मुद्दाम वेगळं दाखवतं, ते अशाच व्हिडिओंसाठी असावं! रेघ आडवी राहिली तर लोक बघताहेत, खड्डा पडला तर ते पुढे सरकले किंवा निघून गेले, आणि मध्येच उंचवटा आला तर तो तुकडा त्यांनी मागे नेऊन पुन्हा बघितला. उंचवटा दर सांगितला तिथे असेल, तर पुढच्या वेळी दर पडद्यावर लिहा. पण आलेख ‘कुठे’ एवढंच सांगतो. ‘का’ हे कळायला त्या सेकंदाला स्वतः जाऊन बसावं लागतं, परक्या माणसाच्या नजरेने.

थंबनेलवर किती टक्के लोकांनी टिचकी मारली, त्या सीटीआरचाही असाच धसका घेतला जातो. ‘चारच टक्के? वाया गेला व्हिडिओ!’ यूट्यूबच्याच सांगण्याप्रमाणे निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांत असतो. शिवाय व्हिडिओ आपल्या नेहमीच्या मंडळींबाहेर, अनोळखी लोकांपुढे जाऊ लागला की सीटीआर घसरतोच. कधी कधी हा घसरता आकडा व्हिडिओ पसरत असल्याची खूण असतो. शंका असेल तर तीन थंबनेलपर्यंत चाचणी लावता येते, आणि तिथला निकाल टिचक्यांवर नव्हे, बघितलेल्या वेळेवर लागतो.

मुहूर्त आणि हॅशटॅग यांवर फार वेळ घालवू नये. व्हिडिओ कधी टाकला याचा लांब पल्ल्याच्या कामगिरीवर थेट परिणाम होतो असं दिसलेलं नाही, हे यूट्यूबचंच म्हणणं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी बघितलेला वेळ, लाइक आणि रील दुसऱ्याला पाठवणं या तीन गोष्टींना महत्त्व देतात. माझ्या मते आपल्या किनाऱ्यासाठी तिसरी सर्वांत मोलाची. मित्राला रील पाठवून ‘हंय जावया’ म्हणणारा माणूसच सहल ठरवतो.

‘जूनमध्ये अल्गोरिदमने मारलं’ ही तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, पावसाळाभर जलक्रीडाही बंद. स्कुबाचे व्हिडिओ बघायचे कोणी आणि कशाला? जूनची तुलना मेशी नको, गेल्या जूनशी करा. उलट मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा घ्या. भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, कौल घेऊन जाहीर होते. त्यामुळे ती कळताच चाकरमानी शोधाशोध करणार हे उघड आहे. प्रेक्षक कुठून आले या अहवालात अशा वेळी ‘शोध’ किती वाढतो ते बघा, आणि जुन्या व्हिडिओचं शीर्षक वेळेत नीट करा.

म्हणूनच न चाललेला व्हिडिओ लगेच उडवू नये. यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉचटाइम हा एक मार्ग आहे; त्यात सार्वजनिक व्हिडिओच धरतात आणि शॉर्ट्स फीडमधले तास धरत नाहीत. म्हणजे व्हिडिओ उडवला की त्याचे तासही गेले.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. फॉलोअर कुठल्या शहरांतले, हे इन्स्टाग्राम दाखवतं. पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव वर असतील तर थोडे व्ह्यूजही कामाचे. पण बुकिंग फोनवर होतं आणि ते कुठल्याच अहवालात येत नाही. त्यासाठी फोनशेजारी एक वही ठेवायची, ‘कुठला व्हिडिओ बघितलात?’ हे प्रत्येकाला विचारायचं, आणि मिळालेलं उत्तर तारखेसह लिहून ठेवायचं.