गांडुळाचे अभ्यासक प्रो. बहल

काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण विद्येच्या प्रांतांत वारंवार खरी ठरते. प्राणिशास्त्र म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें आफ्रिकेंतील सिंह, समुद्रांतील देवमासा, फार तर मेळघाटांतील वाघ उभा राहतो. पायाखालच्या काळ्या मातींत जे जीव नांदतात त्यांची आठवण कोणास होत नाहीं. त्यांतहि गांडूळ हा तर हेटाळणीचाच विषय. कणा नसलेल्या मनुष्यास आपण गांडूळ म्हणतों आणि तेथेंच त्या प्राण्याची कथा संपवितों. परंतु या तुच्छ मानलेल्या प्राण्याच्या अभ्यासांत आपल्याच देशांतील एका प्राध्यापकानें आयुष्याची सुमारें तीस वर्षें वेंचलीं, व जें जगांतील कोणासहि ठाऊक नव्हतें तें शोधून काढिलें. त्या प्रो. करम नारायण बहल यांच्या कार्याचा परिचय विद्यार्थ्यांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गांडूळ जमिनीची मशागत करितो ही गोष्ट प्रो. बहल यांच्या पूर्वींच ज्ञात होती. १८८१ सालीं चार्लस् डार्विन यांनीं या विषयावर एक ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या अनेक भागांत दरसाल दर एकरीं दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाऊन पृष्ठभागावर येते, असा हिशेब त्यांनीं त्यांत मांडिला. गांडुळाच्या शरीराची रचनाहि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तपशीलवार दिलेली होती. मात्र ती 'लंब्रिकस' नांवाच्या युरोपांतील गांडुळाची. आमच्याकडील विद्यार्थी तेंच पुस्तक पुढें ठेवून येथील गांडूळ चिरीत असे. पुस्तक एक सांगे आणि मेणाच्या ताटलींतील प्राणी दुसरेंच कांहीं दाखवी! अशा वेळीं बहुतेक जण पुस्तक खरें मानून मोकळे होतात. प्रो. बहल यांनीं ताटलींतील प्राणी खरा मानिला, आणि येथेंच त्यांच्या संशोधनाचा पाया घातला गेला.

त्यांनीं निवडलेला प्राणी म्हणजे उत्तर हिंदुस्थानांत सामान्यतः आढळणारें 'फेरेटिमा' जातीचें, सुमारें सहा इंच लांबीचें गांडूळ. १९१९ सालीं इंग्लंडांतील 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मायक्रोस्कोपिकल सायन्स' या त्रैमासिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतील शोध समजण्यास थोडें शरीरशास्त्र पाहिलें पाहिजे.

गांडुळाचें शरीर शंभराहून अधिक वलयांचें बनलेलें असतें. आंतून पाहिलें असतां बहुतेक दोन वलयांच्या मध्यें एक पातळ पडदा असतो. आपल्या शरीरांत मूत्रपिंड जें काम करितात तें काम गांडुळाच्या शरीरांत वळणावळणाच्या सूक्ष्म नळ्या करितात. त्यांस वृक्ककें म्हणतात. युरोपांतील लंब्रिकसाच्या जवळजवळ प्रत्येक वलयांत अशा मोठ्या वृक्ककांची एक जोडी असते, व प्रत्येक वृक्कक त्वचेंतील छिद्रानें शरीराबाहेर उघडतें. फेरेटिमाच्या शरीरांत मात्र प्रो. बहल यांस निराळाच प्रकार दिसला. पंधराव्या वलयाच्या मागील प्रत्येक पडद्यावर सूक्ष्मदर्शक यंत्रानेंच नीट दिसतील अशीं ऐंशी ते शंभर इवलालीं वृक्ककें होतीं. तीं बाहेर उघडत नव्हतीं. त्यांच्यांतील द्रव बारीक नळ्यांनीं वाहत आंतड्याच्या वरच्या बाजूनें जाणाऱ्या दोन नलिकांत जमा होई, आणि तेथून वलयावलयाला आंतड्यांत उतरे. त्वचेलगतचीं असंख्य वृक्ककें बाहेर उघडत, हें खरें. परंतु पडद्यांवरील वृक्ककांचें सारें पाणी आंतड्यांत जाई. या नव्या रचनेस त्यांनीं 'एंटेरोनेफ्रिक', म्हणजे आंतड्यांत मूत्र सोडणारी, असें नांव दिलें.

रचना कशी आहे हें सांगून ते थांबले नाहींत. १९२१ सालीं लखनौ विद्यापीठांत अध्यापन सुरू झालें; तेथें प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम करीत असतांना त्यांनीं हाच धागा पुढें नेला. हीं वृक्ककें गर्भावस्थेंत कशीं बनतात तें त्यांनीं १९२२ सालीं दाखविलें. १९२४ सालीं 'लॅम्पिटो' या दुसऱ्या जातीच्या गांडुळांतहि तीच रचना असल्याचें सिद्ध केलें. मग या सर्वांचें प्रयोजन काय, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं १९३४ सालच्या निबंधांत दिलें. १९१९ पासून १९३४ पर्यंत एका प्रश्नाचा असा पाठपुरावा करणें हें सामान्य धीराचें काम नव्हे.

तें उत्तर असें. गांडूळ त्वचेनें श्वास घेतें. त्वचा कोरडी पडली कीं त्याचा जीव जातो. म्हणून पाणी हेंच त्याचें सर्वस्व. इंग्लंडच्या ओलसर हवेंत मूत्रावाटे थोडें पाणी गेलें तरी चालतें. आपल्याकडे वर्षांतील बराच काळ जमीन कोरडी असते. येथें तसा उधळेपणा परवडणारा नाहीं. म्हणून तें पाणी आंतड्यांत सोडलें जातें, व विष्ठा बाहेर पडण्यापूर्वीं त्यांतील ओलावा शरीरांत पुन्हा शोषून घेतला जातो, असें प्रो. बहल यांनीं प्रतिपादन केलें. वऱ्हाडांतील शहाणी गृहिणी उन्हाळ्यांत भांडीं विसळलेलें पाणी रस्त्यावर फेंकीत नाहीं, परसांतील झाडांना घालते. तसाच हा प्रकार आहे.

ज्या प्रदेशांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो व कपाशीच्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आमच्या अकोला-अमरावतीकडील विद्यार्थ्यांस या शोधाचें महत्त्व निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. उन्हाळ्यांत गांडूळ खोल ओलीकडे जातें, आणि मृगाचा पाऊस मुरला कीं धुऱ्यावर त्याच्या मातीच्या गोळ्यांचे ढीग पुन्हा दिसूं लागतात.

प्रो. बहल यांचें दुसरें मोठें कार्य म्हणजे 'इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स' ही ग्रंथमाला. येथील विद्यार्थ्यांनीं येथलाच प्राणी अभ्यासावा म्हणून एकेका प्राण्यावर एकेक पुस्तक, अशी ही योजना होती. त्यांनीं स्वतः लिहिलेलें फेरेटिमावरील पुस्तक १९२६ सालीं निघालें. मुशीवरील पुस्तक १९२८ सालीं मिस ई. एम्. थिल्लयंपलम् यांनीं लिहिलें; या सिलोनच्या ख्रिस्ती विदुषी लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजांत अध्यापन करीत. नदींतील झिंग्यावरील पुस्तक १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. तें नागपूरच्या सायन्स कॉलेजांतील एस्. एस्. पटवर्धन यांचें. विदर्भाचा हा वांटा आमच्या विद्यार्थ्यांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावा. स्वतः शोध लावणें थोर खरें. पण दुसऱ्यांकडून असें काम करवून घेणें त्याहूनहि दुर्मिळ होय.

पुढें शास्त्रज्ञांनीं गांडुळांचें वर्गीकरण सुधारलें, आणि प्रो. बहल यांचें फेरेटिमा आज 'मेटाफायर' या नांवानें ओळखिलें जातें. परंतु त्यांनीं दाखविलेलीं वृक्ककें जेथें होतीं तेथेंच आहेत. नांवें बदलतात, नीट पाहिलेली गोष्ट टिकते.

या शिकवणुकीचा आपल्या शेतीशींहि संबंध आहे. आज गांवोगांव गांडूळखताचे खड्डे दिसतात. त्यांतील 'आयसेनिया' मूळचें युरोपांतील, तर 'युड्रिलस' आफ्रिकेंतील. तीं शेणांत व पालापाचोळ्यांत उत्तम काम करितात. परंतु शेतांतील मातींत बिळें करून हवा-पाणी खेळविणारीं गांडुळें निराळीं. तीं विकत आणून सोडावयाचीं नसतात, राखावयाचीं असतात. त्यांस अन्न हवें व ओल हवी. कपाशी संपतांच पऱ्हाट्या पेटवून दिल्या तर त्यांच्या तोंडचा घांस जातो. गुलाबी बोंडअळीच्या भयानें पऱ्हाटी शेतांत उभी ठेवतां येत नाहीं हें मान्य. पण तिचा बारीक चुरा करून कंपोस्ट करतां येतें, आणि तें शेतांत पसरतां येतें.

विद्यार्थिमित्रांनो, अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ व अमरावतीस १९८३ सालीं विद्यापीठ स्थापन झालें. उच्च अभ्यासाचीं द्वारें आतां आपल्या दारांत आहेत. परंतु आरंभास विद्यापीठहि लागत नाहीं. येत्या श्रावणांत एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल माती धुऱ्यावर खणा. तेवढीच वखरलेल्या शेतांत खणा. तेवढीच निंबाच्या झाडाखालीं खणा. प्रत्येक ठिकाणीं किती गांडुळें निघालीं तें तारखेसह वहींत लिहा, आणि तीं पुन्हा मातींत सोडा. ज्यांचें गांव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत आहे त्यांनीं आपली वही गोड्या पाण्याच्या गांवांतील मित्राच्या वहीशीं ताडून पाहावी. आंकडे जुळले नाहींत तर पुस्तकांत उत्तर शोधण्यापूर्वीं पुन्हा एकदां माती खणून पाहावी.