वजन उतरले, त्वचेची थकबाकी उरली

2025 च्या मार्चमध्ये माउंजारो आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी औषधे भारतीय बाजारात दाखल झाल्यापासून लठ्ठपणाचा विषय वर्तमानपत्रांत जो मुक्कामाला आला आहे, तो हलण्याची चिन्हे नाहीत. किती किलो गेले, किती महिन्यांत गेले, इंजेक्शन बरे की ऑपरेशन बरे, याची चर्चा लग्नघरापासून लोकलच्या डब्यापर्यंत चालते. मात्र चाळीस-पन्नास किलो उतरल्यावर मागे राहिलेल्या कातडीचे करायचे काय, आणि त्यातही स्त्रीने आपल्या रिकाम्या होऊन ओघळलेल्या स्तनांचे करायचे काय, या प्रश्नाला त्या चर्चेत जागा मिळत नाही.

वजन उतरवण्यासाठी जठरावरची स्लीव्ह किंवा बायपास शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रीच्या मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, गुडघे कुरकुरत नाहीत, जिना चढताना धाप लागत नाही. आणि तरीही ती आरशाकडे पाठ करून कपडे बदलते, ब्लाउज शिवायला टाकताना ‘आत पॅड घाला’ असे हलक्या आवाजात सांगते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्तनांखालच्या घडीत उठणाऱ्या लालभडक पुरळावर पावडर टाकून दिवस काढते. घरात विषय काढावा, तर ‘एवढी बारीक झालीस, जिवावरचं टळलं, आता आणखी काय हवंय?’ हे उत्तर ठरलेले. माझे म्हणणे असे की, तिला हवे आहे ते ‘आणखी काही’ नसून तिच्या उपचारांचे शेवटचे प्रकरण आहे, आणि ते प्रकरण आपण चैनीच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत.

धीर करून ती प्लास्टिक सर्जनकडे जाते तेव्हा तिचा पहिला प्रश्न बहुधा इम्प्लांटचा असतो. स्तन रिकामे झाले, तेव्हा ते भरले पाहिजेत, हा तर्क वरवर बिनतोड दिसतो. परंतु प्रचंड वजन उतरल्यावर बिघडते ते केवळ आकारमान नव्हे. स्तनाचा वरचा भाग सपाट होतो, स्तनाग्र खालच्या घडीच्याही खाली उतरते आणि पुष्कळदा मध्यरेषेकडे वळते, स्तनाची बाहेरची कड काखेखालच्या लोंबत्या वळीत मिसळून जाते, आणि बरेचदा दोन बाजूंत ठळक फरक पडतो. वर्षानुवर्षे ताणल्या गेलेल्या त्वचेतील लवचिक तंतूंची हानी झालेली असते. त्यामुळे आतील मेद निघून गेला तरी ती पूर्ववत आक्रसत नाही. अशा त्वचेत जड इम्प्लांट ठेवणे म्हणजे इलास्टिक गेलेल्या पिशवीत नारळ ठेवण्यासारखे आहे: पहिले काही महिने आकार शोभतो, पुढे पिशवी नारळासह खाली येते.

म्हणूनच या विषयात ज्यांचे नाव मला सर्वांत अगत्याने घ्यावेसे वाटते, ते अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे शल्यविशारद जे. पीटर रुबिन. वजन उतरल्यानंतरच्या शरीराची तपासणी ‘बरे दिसते, वाईट दिसते’ अशा मोघम शेऱ्यांवर न सोडता शरीराचे दहा भाग पाडून प्रत्येकाला 0 ते 3 अशी श्रेणी द्यावी, ही पद्धती 2005 मध्ये पिट्सबर्गच्याच गटाने मांडली. स्तनांच्या बाबतीत रुबिन यांनी प्रचारात आणलेली शस्त्रक्रिया तर विचारांची दिशाच बदलणारी आहे. एरवी ब्रेस्ट लिफ्टमध्ये, म्हणजे ओघळलेले स्तन वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेत, जादा त्वचेचा बराच भाग कापून टाकण्यात येतो. रुबिन त्या त्वचेचा फक्त वरचा पापुद्रा काढतात आणि खालचा चिवट थर आधारासाठी राखून ठेवतात. हा थर टाक्यांनी बरगडीवरील पडद्याला पक्का बांधला, की ओघळलेली ग्रंथी उचलून धरणारे आतले आधारवस्त्र तिच्याच देहातून तयार होते. काखेखालची जी वळी आजवर केवळ अडगळ होती, तिच्यातील मेद व ऊती रक्तपुरवठ्यासह आत वळवून स्तनाचे आकारमान वाढवण्यास वापरता येतात. परकी वस्तू आत न ठेवता, ज्या भागाचा स्त्रीला सर्वाधिक त्रास होता त्यातूनच गमावलेला आकार परत मिळवावा, ही कल्पना मला शल्यशास्त्रातील थोर कल्पनांपैकी एक वाटते, आणि तसे म्हणताना मी हात राखून बोलत नाही.

या पद्धतीची किंमत व्रणांच्या रूपाने मोजावी लागते. स्तनाग्राभोवती, तेथून खाली उभा, आणि खालच्या घडीतून आडवा असा नांगराच्या आकाराचा व्रण राहतो. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर तो काळपट किंवा जाड होण्याचा संभव अधिक. काही वर्षांत थोडी झीज होऊन स्तन पुन्हा काहीसे उतरतात, हेही आधी सांगितले पाहिजे. आकारमान मुळातच फार उरलेले नसेल, तर इम्प्लांट लागतेही. मात्र लिफ्ट त्वचा आवळते आणि इम्प्लांट तीच त्वचा आतून ताणते, शिवाय दोन्ही एकाच बैठकीत केल्यास स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्यावर भार येतो, म्हणून पुष्कळ सर्जन आधी लिफ्ट आणि काही महिन्यांनी, अजूनही गरज वाटली तर, इम्प्लांट असा क्रम सुचवतात. लिफ्टनंतर इम्प्लांटची इच्छाच उरली नाही, असेही घडते. आणि अशा फेरविचाराची सवड हाच त्या क्रमाचा मोठा लाभ होय.

इम्प्लांटविषयी माझ्या मनात जो संशय आहे, त्याला इतिहासाचा आधार आहे. 1962 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे सिलिकोनचे पहिले इम्प्लांट बसवले गेले. 1992 मध्ये तेथील औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याच्या सर्रास वापरावर निर्बंध घातले आणि 2006 मध्ये ते शिथिल केले. फ्रान्समधील पीआयपी कंपनीने वैद्यकीय वापराला मंजूर नसलेले औद्योगिक सिलिकोन वापरल्याचे 2010 मध्ये उघडकीस आले. 2019 च्या जुलैमध्ये खरखरीत पृष्ठभागाची ॲलर्गनची काही इम्प्लांट्स लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी असलेल्या संबंधामुळे जगभरातून परत मागवण्यात आली. त्या लिम्फोमाचा धोका अल्प आहे आणि गुळगुळीत इम्प्लांटचा मामला निराळा आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच: इम्प्लांट जन्मभराचे नसते. भोवतीचे वेष्टन आवळून ते दगडासारखे कठीण होऊ शकते, फाटू शकते, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणूनच 2021 मध्ये एफडीएने इम्प्लांटवर सर्वांत कडक श्रेणीचा इशारा छापण्याचा आणि रुग्ण व डॉक्टर या दोघांच्या सह्यांची धोक्यांची यादी करण्याचा दंडक घातला. आपल्याकडील स्त्रीनेही तशी यादी मागावी, मराठीत समजून घ्यावी, आणि मगच सही करावी.

शस्त्रक्रिया कोणतीही असो, घाई तिला मानवत नाही. वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने जाऊ द्यावेत आणि त्यातील निदान शेवटचे तीन ते सहा महिने काटा एका जागी स्थिर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. बायपासनंतर लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व यांची तूट सामान्य आहे; प्रथिने कमी पडली तर जखम भरत नाही, आणि आमटी-भाताच्या जेवणावर दिवसाची साठ ग्रॅम प्रथिने आपोआप पोटात जात नाहीत. वयाच्या चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी करून घ्यावी. पुढे मूल हवे असल्यास स्तनपानाविषयी मोकळेपणाने विचारावे.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलखाची म्हणून मुद्दाम सांगतो. ‘सिगारेट ओढता का?’ असे डॉक्टरांनी विचारले, की पन्नाशीची बाई ‘छे, काहीतरीच काय!’ म्हणते, आणि तिचे म्हणणे खरेच असते. पण सकाळी चुलीपाशी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री ती वीस वर्षे हिरड्यांना लावत असते आणि तिला व्यसन मानत नाही. मिश्रीतील निकोटिन रक्तवाहिन्या तेवढ्याच निष्ठेने आकुंचित करते, आणि लिफ्टमध्ये ज्या स्तनाग्राचे रक्ताभिसरण आधीच नाजूक झालेले असते, ते त्यामुळे काळे पडून गळू शकते. डॉक्टरांनी मिश्रीचे नाव घेऊन विचारावे आणि बाईंनी न लाजता सांगावे.

आता सरकारदरबाराकडे वळू. विमा नियामकाने 2019 मध्ये प्रमाणित केलेल्या नियमांनुसार, बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक असेल, अथवा गंभीर आनुषंगिक विकारांसह 35 किंवा त्याहून अधिक असेल, तर लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात बसू शकतो. त्याच नियमावलीचे दुसरे एक कलम मात्र प्लास्टिक सर्जरीला वगळते. अपवाद अपघात, भाजणे, कर्करोग किंवा आरोग्याला थेट व तात्काळ धोका एवढ्यांचाच. जीएसटीच्या 2017 च्या अधिसूचनेतही तोच प्रकार: जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले अवयव पूर्ववत करणे करमुक्त, बाकीची प्लास्टिक सर्जरी करपात्र. म्हणजे जी उपचारसाखळी विमा कंपनीने मंजूर केली, तिच्याच परिणामाने बिघडलेला अवयव दुरुस्त करण्याची वेळ आली, की तोच देह एकाएकी हौशीचा ठरतो. पुरळ, जखमा, पाठदुखी यांच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञाच्या कागदांसह आणि छायाचित्रांसह दप्तरी ठेवून दावा दाखल करण्याचा मार्ग खुला आहे, आणि तो जरूर चोखाळावा. पण दावा मंजूर होईलच, असा भरवसा कलमाच्या शब्दांतून मिळत नाही.

तामिळनाडू सरकारने 2018 च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात गरीब स्त्रियांसाठी स्तनशस्त्रक्रियेची विनामूल्य सोय केली, तेव्हा सार्वजनिक पैशाच्या उधळपट्टीची ओरड झाली. ती ओरड मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातल्या जवळजवळ दर चार स्त्रियांमागे एकीचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. औषधे आणि शस्त्रक्रिया यांची वाढती उपलब्धता पाहता यांपैकी पुष्कळजणी पुढील काळात झपाट्याने बारीक होतील, आणि मग हा प्रश्न दिवाणखान्यात झाकून ठेवता येण्याजोगा राहणार नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. मोठ्या वजनघटीनंतरच्या शस्त्रक्रियेची नियामकाने पुनर्रचना म्हणून नोंद करावी आणि पात्रतेचे निकष स्पष्ट लिहावेत. जीएसटीच्या अपवादांतही तिला स्थान मिळावे. बॅरिॲट्रिक, म्हणजे लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करणाऱ्या, सर्जनांनी पहिल्याच भेटीत, संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी, त्वचेचे पुढे काय होईल हे छायाचित्रांसह सांगावे आणि त्या खर्चाचा अंदाज लेखी द्यावा. आणि ज्या स्त्रीला ही शस्त्रक्रिया करायची नाही, तिच्यावर ती कोणी लादू नये. जिला करायची आहे, तिला घरातल्यांनी ‘कशाला’ असे विचारण्याऐवजी ‘सोबत येऊ का’ असे विचारावे.