माळावरचे शेजारी

आफ्रिकेतले सिंह, झेब्रे आपण दूरचित्रवाणीवर कौतुकाने पाहतो. तसेच गवताळ रान आपल्या दौंड-शिरूरच्या माळांवर आहे, हे मात्र मला सांगावे लागते! चिंकाराचेच पाहा. ओढे आटले, तरी पाला, शेंगा आणि दव यांवर त्याची बरीचशी तहान भागते. मादी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते. संशय आला, की पाय आपटायचा, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढायचा आणि धूम ठोकायची. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले ते त्याच्यासाठीच. पण क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर.

लांडग्याची तऱ्हा निराळी. हरणे कमी झाली तिथे तो शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. म्हणून धनगर रात्री वाघर लावतात, कुत्री राखणीला ठेवतात. नुकसान होते, रागही येतो. तरी दोघे पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर राहत आले आहेत. मला धास्ती वाटते ती कागदावरच्या ‘पडीक’ या शब्दाची. पडीक म्हटले, की कुणी झाडे लावायला चर खणतो, कुणी प्लॉट पाडतो. ऊस आला तिथे बिबट्या आला, हे शिरूरकरांना सांगायला नको. चिंकारा मात्र उसात राहत नाही. त्याला उघडा माळच लागतो.