चाईचा हिशेब

खडवली स्टेशनावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीत एक तरुण कामगार भर वैशाखात कानटोपी घालून उभा असे. डोक्यावर रुपयाएवढे तीन चट्टे गुळगुळीत झाले होते. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्याच्या शेजारी कोणी जेवेना. त्याचे गाऱ्हाणे घेऊन आम्ही गेलो खरे, पण चाई लागते की नाही, हे तेव्हा आम्हांलाही ठाऊक नव्हते.

ती लागत नाही. कोणता किडाही केस खात नाही. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी येथे घरच्यांवरच उलटतात आणि केसाच्या मुळाला घेरतात. केस गळतो, मूळ मात्र मरत नाही. (डोक्याचे गजकर्ण लागते, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवावेच.) २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात गावेच्या गावे केसगळतीने हादरली, तेथे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. तो प्रकार निराळा.

मूळ जिवंत असल्याने लहान चट्टे पुष्कळदा आपोआप भरतात, आणि श्रेय लसूण चोळणाऱ्याला मिळते! म्हणून हिशेब हवा. लहान चट्ट्यात डॉक्टर स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने देतात. रोग फार पसरला तर बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. अमेरिकेत त्यांना २०२२ साली या रोगासाठी मान्यता मिळाली. एका चाचणीत ३६ आठवड्यांनी, मोठ्या मात्रेवर शंभरातील सुमारे ३९ जणांचे डोके बहुतांशी भरले. खोटी गोळी घेणाऱ्यांत सुमारे ६ जणांचे. गोळी सोडल्यावर केस पुन्हा गळू शकतात. शिवाय ती प्रतिकारशक्ती दडपते, तेव्हा आधी क्षयाची तपासणी हवी. आमच्या चाळींत हे विसरून चालायचे नाही.

मोजणी अशी: माथा ४० टक्के, मागची बाजू २४, दोन्ही बाजू १८-१८. माथा निम्मा उघडा असेल तर नुकसान २०. डर्मोस्कोप या दिव्याच्या भिंगातून टोकाला जाड, मुळाशी बारीक असे तुटके केस दिसले, तर रोग चालू आहे. उभी बारीक लव दिसली, तर केस येत आहेत. घरीही फोटो काढावा, मात्र तीच खिडकी, तेच अंतर, केस कोरडे आणि खाली तारीख. हजेरीपटाशिवाय आम्ही पगाराचे भांडण कधी केले नाही, येथेही तेच.

तिसऱ्या महिन्याच्या फोटोत आमच्या मित्राच्या दोन चट्ट्यांवर पांढरी लव आली होती. कानामागचा तिसरा अजून तसाच आहे.