क्लास लावाच, पण आधी आजोबांची शाळा शोधा

दहावीचा निकाल लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावर आणि सांगलीत विश्रामबागला क्लासच्या फलकांची गर्दी होते. तुम्ही त्यातला एक निवडाल, आईबाबा फी भरतील आणि घरात सगळे म्हणतील, झाली कॉलेजची तयारी! पण सांगलीचं वालचंद किंवा कराडचं गव्हर्न्मेंट इंजिनिअरिंग डोक्यात असेल आणि प्रवेश राखीव जागेतून घ्यायचा असेल, तर एक तयारी अजून बाकी आहे. ती कुठल्याच फलकावर नसते. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपली 'व्हॅलिडिटी'.

जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी, हेच अनेकांना बारावीत कळतं. दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो. तो बरोबर आहे का, हे जिल्ह्याची पडताळणी समिती तपासते आणि त्यासाठी जुना पुरावा मागते. किती जुना? अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आता हिशोब करा. बाबांचा शाळेचा दाखला यात बसतच नाही. लागतो तो आजोबांचा, कधी पणजोबांचा.

आणि आजोबा शिकले असतात जत नाहीतर पाटण तालुक्यातल्या एखाद्या गावात, चौथीपर्यंत. त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे अर्ज करायचा, जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसील कचेरीत जन्म-मृत्यूची जुनी नोंद, गाव नमुना १४, शोधायची. ती मोडीत निघाली तर मोडी वाचणारा गाठा! त्यात आजोबांचं आडनाव एक आणि तुमचं दुसरं (आपल्याकडे गावावरून आडनाव लावलेली घरं काय कमी आहेत?) असेल, तर प्रतिज्ञापत्र आलं.

हे सगळं बोर्डाची परीक्षा आणि सीईटी यांच्या मधल्या दिवसांत करायचं? बरीच पोरं तेच करतात. अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो खरा, पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर मार्क असूनही राखीव जागा हातची जाऊ शकते. म्हणून अकरावी सायन्सला नाव लागलं की कॉलेजच्या ऑफिसात विचारा. प्राचार्यांच्या सहीचं पत्र जोडून तेव्हाच अर्ज करता येतो. व्हॅलिडिटी एकदा मिळाली की जन्मभर चालते. नॉन-क्रिमिलेअरचं तसं नाही, त्यावरची मुदत बघत राहा.

मुलींनी तर अजिबात टाळू नये. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. पण कागद पूर्ण पाहिजेत ना!

अभ्यासाचं म्हणाल तर, अकरावी 'आरामाचं वर्ष' हा समज सोडा. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात.

अजून नववी-दहावीत असाल तर काम सोपं आहे. शाळेच्या रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव, जन्मतारीख, जात नीट वाचून घ्या. शाळा सुटल्यावर त्यातली काना-मात्रा बदलायची म्हणजे हेलपाटेच. आणि आजोबांच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका, कुलूप असतं. शाळा सुरू असताना एक दिवस काढा, आजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे जन्मसाल घरूनच लिहून न्या.